पत्ता असलेले निबंध

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने एकदा तरी ‘माझी शाळा’ हा निबंध लिहिलेला असतो. त्यात इमारत भव्य असते, पटांगण विस्तीर्ण असते आणि गुरुजन प्रेमळ असतात. आमच्या शाळेवर पत्रे होते. पावसाळ्यात ते असे वाजत की बाईंचे बोलणे दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे. तरी वर्गातल्या एकूण एक वहीत इमारत भव्यच होती. गंमत अशी की तो निबंध वाचणाऱ्या बाई त्याच पत्र्यांखाली उभ्या राहून शिकवत होत्या. ज्याला सगळे दिसते आहे त्यालाच, जणू दिसत नाही असे धरून, खोटे सांगायचे असा हा लेखनप्रकार आहे.

मग ज्याने ती शाळा कधी पाहिलीच नाही, आणि ज्याला ती कशी आहे हे खरोखर जाणून घ्यायचे आहे, अशा मुलाला लिहायचे असेल तर? गेली काही वर्षे मी या प्रश्नाच्या मागे आहे. मी कुठल्या विद्यापीठाचा नाही. फ्रेंच आणि इटालियन मी शब्दकोश शेजारी ठेवून, अडखळत वाचतो. पण एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला स्वतःची ओळख करून देणे या साध्या दिसणाऱ्या गोष्टीला मोठा इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका गोंडस नाही.

त्याची गोंडस बाजू आधी सांगून टाकतो. पहिल्या महायुद्धानंतर ज्युनिअर रेड क्रॉसने देशोदेशींच्या शाळांमध्ये आल्बमांची देवाणघेवाण सुरू केली. वर्गातली मुले फोटो, चित्रे, वाळवलेली पाने-फुले आणि आपले गाव, घर, सण यांच्याविषयीचे लेख एका मोठ्या वहीत चिकटवत. ही वही त्या देशाच्या रेड क्रॉस कार्यालयामार्फत परदेशातल्या वर्गाकडे जाई. हेतू उदात्त होता, नुकतेच युद्ध संपले होते. पण हे आल्बम तयार होताना वर्गावर नकळत देशाचे प्रतिनिधी होण्याची जबाबदारी पडे, आणि प्रतिनिधी म्हटला की तो इस्त्रीचे कपडे घालूनच उभा राहणार. ‘माझी शाळा’च, फक्त जाड पुठ्ठ्यात बांधलेली. एका आल्बमला एक उत्तर यायचे, तेही महिन्यांनी. तेवढ्या अवधीत खोटे पकडले जात नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती दक्षिण फ्रान्समध्ये. सेलेस्तँ फ्रेने हा शिक्षक १९१७ साली युद्धात फुप्फुसाला गोळी लागून परतला होता. १९२०मध्ये तो बार-स्यूर-लू या डोंगरी गावात रुजू झाला. दिवसभर मोठ्याने शिकवण्याइतका दम छातीत नव्हता, आणि त्यामुळेच वेगळी वाट शोधली, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. तो मुलांना घेऊन गावात हिंडू लागला. मुलांनी बाकावर गोगलगाईंची शर्यत लावली, तर त्या दिवशीचा धडा गोगलगाईंचा. १९२४मध्ये त्याने एक लहानसे छपाईयंत्र वर्गात आणले. मुले आपला मजकूर स्वतः लिहीत आणि शिशाचे खिळे उलटे वाचत स्वतःच जुळवीत. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांत ज्यांनी जुळाऱ्याचे काम पाहिले आहे त्यांना कळेल, एक ओळ जुळवायला किती वेळ लागतो. त्या वेळात ‘विस्तीर्ण’सारखा फुकटचा शब्द लिहायची इच्छाच मरते.

पण छापलेले वाचणार कोण? गावातच वाटायचे, तर गाव सगळे जाणतेच. १९२६च्या शरदात ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगँक गावात रने दानिएल या शिक्षकानेही छपाईयंत्र घेतले आणि दोन्ही शाळांचे टपाल सुरू झाले. मध्ये सुमारे हजार किलोमीटरचे अंतर. एकीकडे डोंगरउतारावरची, अत्तरासाठी फुले तोडणारी गावे, दुसरीकडे मासेमारी. मुले आपले पान जास्तीच्या प्रती काढून छापत आणि दर दोनेक दिवसांनी गठ्ठा पोस्टात पडे. समोरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे आपल्या वर्गाच्या पानांबरोबर त्या दूरच्या वर्गाचीही पाने साठत जात. पार्सलेही येत. डोंगरातल्या पोरांच्या हातात शिंपले आणि समुद्री शेवाळ आले.

वेळापत्रकाचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्षातून एकदा ओळख करून द्यायची तर मुले सण सांगतात. दर दोन दिवसांनी सांगायचे तर सण लगेच संपतात. मग उरतो मंगळवार. गाय व्यायली, बाप बोटीवरून उशिरा आला, धाकटी आजारी आहे. समोरून प्रश्न येतात. तुमच्याकडे फुले कोण तोडते? पैसे किती मिळतात? उत्तर ठाऊक नसेल तर घरी विचारावे लागते. आईला कोणी आजवर हे विचारलेलेच नसते.

आणि इथेच मोठी माणसे दचकतात. १९२८मध्ये फ्रेने सँ-पॉल या गावी गेला. शाळेची अवस्था वाईट होती आणि त्यावरून नगरपालिकेशी त्याचे खटके उडत होते. एका मुलाने आपले स्वप्न लिहिले: सगळा वर्ग बंड करून उठला आणि त्यात महापौर मारला गेला. वर्गाने ते इतर मजकुरासारखेच छापले. डिसेंबर १९३२मध्ये तो मजकूर गावाच्या भिंतींवर लागला, फ्रेनेविरुद्ध पुरावा म्हणून. शार्ल मोरास याच्या उजव्या विचारांच्या दैनिकाने प्रकरण देशभर नेले, मॉस्कोचा हस्तक म्हणून झाले. २४ एप्रिल १९३३ रोजी जमावाने शाळेला वेढा घातला. शेवटी फ्रेनेने सरकारी शाळा सोडली आणि १९३५मध्ये व्हाँस इथे स्वतःची शाळा उघडली. बाहेरगावच्या मुलांसाठी छापलेले पान गावातल्या मोठ्यांनी वाचले, एवढ्यावरून हे सगळे घडले.

जपानमध्ये जवळपास त्याच काळात, फ्रेनेच्या चळवळीशी संबंध नसताना, हेच घडत होते. ईशान्येकडच्या थंड, दरिद्री खेड्यांतले शिक्षक मुलांकडून रोजच्या जगण्याविषयी लिहून घेत, वर्गाची चक्रमुद्रित हस्तपत्रे काढत आणि एकमेकांच्या शाळांना पाठवत. १९४०पासून यातल्या अनेक शिक्षकांना राजद्रोहविरोधी कायद्याखाली अटक झाली. भूक लागते असे मुलाने लिहिले, तर ते शिक्षकाने शिकवलेले असणार हे पोलिसांचे तर्कशास्त्र. युद्धानंतर, १९५१मध्ये, यामागाता प्रांतातल्या एका खेड्यातल्या ४३ मुलांचे लेखन ‘यामाबिको गाक्को’ या नावाने पुस्तकरूपात आले. आई वारलेल्या एका मुलाने त्यात घराचा जमाखर्च मांडला आहे आणि आईने कितीही राबले असते तरी भागणार नव्हते, हे आकड्यांनी दाखवले आहे. पुस्तक गाजले, पण गावाला आपली गरिबी चव्हाट्यावर आलेली रुचली नाही. पुस्तकाचा तरुण शिक्षक पुढे गाव सोडून गेला. आपल्याला जपानी शाळा म्हटले की ‘तोत्तोचान’ आठवते. तिच्या शेजारी हेही पुस्तक ठेवून पाहावे.

फ्रेनेचे छपाईयंत्र इटलीत पोचले ते १९५१मध्ये, शिक्षकांच्या एका सहकारी चळवळीच्या रूपाने. क्रेमोना जिल्ह्यात, पो नदीच्या सपाट मुलखात पियादेनाजवळच्या व्हो या वस्तीत शिकवणारा मारिओ लोदी त्या चळवळीतला. १९६३च्या उन्हाळ्यात तो फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरात बार्बियानाला लोरेंझो मिलानी या पाद्र्याला भेटायला गेला. मिलानीला चर्चने १९५४मध्ये त्या निर्जन जागी धाडले होते, आणि त्याने तिथे शाळाबाह्य झालेल्या शेतकरी पोरांची शाळा चालवली होती. लोदीने आपल्या मुलांचे सामूहिक लेखन आणि शाळाशाळांमधली पत्रे यांविषयी सांगितले. ठरले की बार्बियानाने पियादेनाला लिहायचे.

१ नोव्हेंबर १९६३ची तारीख असलेले ते पत्र मी कितीदा वाचले याची गणती नाही. त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत, आकडे आहेत. आम्ही २९ जण, ३ मुली आणि २६ मुलगे. त्यातले ९ याच वस्तीचे, ५ जण घर फार लांब म्हणून इथल्या कुटुंबांत राहणारे, १५ रोज ये-जा करणारे. एक मुलगा रानातून जवळजवळ दोन तास चालत येतो आणि तितकाच चालत परततो. सर्वांत धाकटा ११ वर्षांचा, थोरला १८. शाळा सकाळी ८ ते संध्याकाळी साडेसात. त्याआधी जवळ राहणारी मुले गोठ्यात काम करतात किंवा लाकडे फोडतात. शाळेचे दिवस वर्षाला ३६५, लीप वर्षी ३६६. शिक्षक २३, कारण सात लहानगे सोडले तर प्रत्येक जण आपल्याहून धाकट्यांना शिकवतो.

खेळाची सुट्टी नाही, हेही त्यांनी लिहिले आहे, अभिमानाने. मला ते पटत नाही. पोराला खेळू न देणारी शाळा कितीही थोर असो, मी तिच्या बाजूने उभा राहणार नाही. पण पत्र लिहिणाऱ्यांनी ते लपवले नाही. पियादेनाच्या मुलांना नावडेल म्हणून गाळले नाही, हे इथे मोलाचे. पुढे पत्रात तर असे येते, की आम्ही आधी शाळेत आलो ते काम टळावे म्हणून. ‘मला शाळा आवडते’ या आपल्या वाक्याच्या शेजारी हे ठेवा.

पत्र लिहिण्याची रीत त्या वेळी घडत गेली. प्रत्येकाने सुटे मुद्दे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायचे, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, सारख्या असतील त्या काढून टाकायच्या, उरलेल्यांचे गठ्ठे लावायचे, मग वाक्य न् वाक्य मोठ्याने वाचून, नको तो शब्द छाटायचा. ज्याचा शब्द छाटला गेला तो भांडे. भांडणात टिकला तर शब्द राही.

पुढे याच रीतीने बार्बियानाच्या आठ मुलांनी आणखी एक पत्र लिहिले. या वेळी पत्ता दुसऱ्या वर्गाचा नव्हता, मुलांना नापास करून घरी बसवणाऱ्या शिक्षिकेचा होता. ते मे १९६७मध्ये पुस्तकरूपाने निघाले. २६ जून रोजी मिलानी ४४व्या वर्षी वारला. तेच पुस्तक मराठीत ‘प्रिय बाई’ म्हणून आले, आणि आपल्याकडच्या कित्येक शिक्षकांच्या कपाटात ते आहे. त्यातला राग सर्वांच्या लक्षात राहतो. मला मात्र प्रत्येक वेळी त्याच्या आधीचे ते पियादेनाचे पत्र आठवते, ज्यात कोणावरच राग नाही. फक्त अनोळखी पोरांना सांगितले आहे की आम्ही किती आहोत, किती वाजता येतो, आणि आमच्यातला एक जण रानातून किती वेळ चालतो.