खिडकी नसलेलं विमान

फ्लाइट सिम्युलेटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? चित्र. ढग, समुद्र, धावपट्टीचे दिवे. ग्राफिक्स कार्ड घेताना आपण जी चर्चा करतो, तीसुद्धा या चित्राचीच. पण जगात अशी बरीच मंडळी आहेत जी हे चित्र बाजूला ठेवून त्याच्या खालच्या भागावर जीव टाकतात. प्लायवूड कापतात, भोकं पाडतात, स्विच बसवतात, मागे वायरींचं जंजाळ करतात आणि घरातल्या एका खोलीत बोइंग ७३७ चं पॅनल उभं करतात. जे काम माउसच्या एका क्लिकवर होतं, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

मला वाटतं, ही मंडळी नवं काहीच करत नाहीयेत. ती सिम्युलेटरच्या मुळाकडे परत चालली आहेत. कारण ज्या यंत्राने हा सगळा धंदा उभा केला, त्याच्यातून बाहेरचं काही दिसतच नव्हतं. होतं ते फक्त पॅनल!

ही गोष्ट सांगताना उदाहरणाला एक गाव घेतो: तेरखेडा. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, सोलापूर-धुळे महामार्गावर. हेच गाव का, ते पुढे येईलच.

समजा अमावास्येच्या रात्री तुम्ही एका छोट्या विमानातून तेरखेड्यावरून चालला आहात. खाली बालाघाटचे डोंगर, वस्त्यांवरचे तुरळक दिवे. वर तारे. दिवा कुठला आणि तारा कुठला हे कळेनासं होतं, आणि क्षितिजाची रेघ तर नाहीच. अशा वेळी माणूस कशावर विसंबतो? स्वतःच्या शरीरावर. आणि इथेच घात होतो. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातला द्रव हलला की आपण वळतोय हे मेंदूला कळतं. पण विमान एकाच वेगाने वळत राहिलं, तर दहा-वीस सेकंदांत तो द्रवही विमानाबरोबर फिरायला लागतो आणि मेंदू म्हणतो, "सरळ चाललंय." मग तुम्ही विमान खरोखर सरळ केलंत की वाटतं, आपण उलट्या बाजूला वळलो! ते "दुरुस्त" करायला गेलात की विमान पुन्हा कलतं. खाली डोंगर आहेतच.

यावर उपाय म्हणजे शरीराचं न ऐकणं. १९२९ सालच्या २४ सप्टेंबरला अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेरचं काहीही न बघता, उड्डाण करून विमान परत उतरवून दाखवलं. त्यांच्यासमोर स्पेरी कंपनीचं जायरोवर चालणारं कृत्रिम क्षितिज होतं आणि कोल्समन यांचा नाजूक अल्टिमीटर. (आपल्याकडे जेआरडी टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला तोही याच वर्षी, १० फेब्रुवारीला.) म्हणजे पॅनलवर भरवसा ठेवून उडता येतं हे सिद्ध झालं. प्रश्न उरला तो हा भरवसा शिकवायचा कसा? खऱ्या विमानात शिकताना चुकलात तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

आता एन्ट्री होते एडविन लिंक यांची. जन्म १९०४. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना. ऑर्गन म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचा अवाढव्य भाऊ समजा; पेटीत भाता असतो, तसे त्याच्यातही भाते आणि झडपा. लिंक यांना विमान उडवायचं होतं, शिकणं महाग होतं, आणि हाताशी होते ते ऑर्गनचे सुटे भाग. कारखान्याच्या तळघरात त्यांनी एक ठेंगणं लाकडी विमान बनवलं आणि भात्यांवर बसवलं. दांडा डावीकडे नेला की झडप उघडायची, एका बाजूच्या भात्यातली हवा जायची आणि डबा डावीकडे कलायचा. पेटंट मिळालं १९३१ साली. आणि गिऱ्हाईक? करमणुकीची उद्यानं! नाणं टाका आणि डुला.

हे चित्र बदललं १९३४ साली. फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने टपालाची वाहतूक खाजगी कंपन्यांकडून काढून लष्करी वैमानिकांकडे दिली. ऐन हिवाळा, वादळं, रात्रीची उड्डाणं आणि उपकरणांवर उडायचा सराव जवळजवळ नाही. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. तेव्हा लष्कराला लिंक यांच्या डब्याची आठवण झाली. सांगतात की प्रात्यक्षिकासाठी लिंक स्वतः खराब हवामानातून, निव्वळ उपकरणांवर, विमान घेऊन पोचले. लष्कराने सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी ३५०० डॉलरना. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांवर यंत्रं बनली.

या यंत्राचं डिझाइन बघण्यासारखं आहे. विद्यार्थी आत बसला की वरून झाकण बंद. समोर फक्त डायल. बाहेर टेबलावर नकाशा आणि नकाशावर तीन चाकांची एक छोटी गाडी, तिला म्हणत क्रॅब, म्हणजे खेकडा. विद्यार्थी आत जसा "उडेल" तसा हा खेकडा नकाशावर शाईची रेघ ओढत जायचा. शिक्षक बाहेर बसून ती रेघ बघायचा आणि हेडफोनवर सूचना द्यायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण लॉगिंग होतं, ग्राफिक्स शून्य.

पॅनलवरचा भरवसा किती महत्त्वाचा हे तर कळलं. पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या मुंबईत घडली. १ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं बोइंग ७४७, नाव "सम्राट अशोक", रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं. समोर अंधारा अरबी समुद्र, क्षितिज नाही. उड्डाणानंतर विमान उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडून उजवीकडे कललेलंच राहिलं. विमान सरळ असताना ते कललंय असं समजून डावीकडे वळवलं गेलं, वळवतच राहिलं गेलं. वांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर विमान समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. उड्डाणापासून दोन मिनिटंही झाली नव्हती. को-पायलटसमोर दुसरं क्षितिज होतं, शिवाय तिसरं राखीवही. ते बघा असं सुचवण्याचा प्रयत्न फ्लाइट इंजिनिअरने केलाही होता, पण वेळ उरला नव्हता.

म्हणजे धडे दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. शरीरावर विश्वास ठेवू नका, पॅनलवर ठेवा. आणि पॅनलवरच्या कुठल्याही एका डायलवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. शेजारचा डायल काय म्हणतोय तेही बघा. वैमानिकाची नजर सतत फिरती असते ती यासाठी. म्हणूनच विमानांच्या पॅनलवर चार मुख्य डायल टी अक्षरासारखे मांडतात: मध्ये कृत्रिम क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. विमान बदललं तरी नजरेची वाट बदलत नाही.

आता घरी येऊ. ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीचा फ्लाइट सिम्युलेटर ॲपल टू वर आला तो १९७९-८० च्या सुमारास, आणि मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती १९८२ साली. काही मोजक्या रेघांचं चित्र, पण डायल बरेचसे खरे! पुढे चित्र सुधारत गेलं. तरी २००३ साली आलेल्या आवृत्तीत सुद्धा तेरखेड्याच्या जागी कुठलीही म्हणून खपतील अशी साचेबंद शेतं दिसायची. २०२० च्या आवृत्तीत उपग्रहाचे फोटो आले आणि महामार्ग आणि डोंगर ओळखू येऊ लागले.

पण या सगळ्या काळात कॉकपिट कीबोर्डवरच होतं. जी दाबा, चाकं वर. पुन्हा जी दाबा, चाकं खाली. हौशी लोकांनी पहिला उपाय काढला तो असा: जुना कीबोर्ड उघडायचा, आतला छोटा सर्किट बोर्ड काढायचा आणि त्याच्या टोकांना स्वतःचे स्विच सोल्डर करायचे. कीबोर्डला प्रत्येक बटणासाठी वेगळी वायर नसते. आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते. आठ आडव्या, आठ उभ्या, म्हणजे १६ वायरींत ६४ स्विच. मात्र स्विच एकदा लावला की लागलेलाच राहतो, आणि असे तीन-चार एकदम लागले की नसलेला स्विचही दाबल्यासारखा दिसतो. त्यासाठी प्रत्येक स्विचला एक डायोड. १एन४१४८, अगदी किरकोळ किमतीचा.

खरी मजा पुढे आहे, आणि ती आपल्या धंद्यातली आहे. कीबोर्डचं बटण ही एक घटना असते: दाबलं, सोडलं, संपलं. चाकांचा दांडा मात्र एक अवस्था असते: वर किंवा खाली. आता दांडा जी बटणाला जोडला आणि सिम्युलेटर चालू केला तेव्हा विमान हवेत, चाकं वर, पण तुमचा दांडा खाली, तर काय होईल? त्या क्षणापासून सगळं उलटं. पॅनल म्हणेल चाकं खाली आहेत, विमानाची चाकं मात्र वर. यावर तोडगा निघाला पीट डाउसन यांच्या एफएसयूआयपीसी या प्रोग्रॅमने. त्याने सिम्युलेटरच्या आतली माहिती ठरलेल्या पत्त्यांवर उघडी करून दिली. चाकांचा पत्ता ०बीई८. तिथे ० म्हणजे वर, १६३८३ म्हणजे खाली. "बदल" असं सांगायचंच नाही, "खाली" असं सांगायचं. इव्हेंट नको, स्टेट पाठवा. सर्व्हर आणि क्लायंट यांच्यात हाच बग किती जणांनी किती रात्री शोधला असेल! :)

२००५ साली इटलीत आर्डुइनो आला आणि हे काम आणखी सोपं झालं. सुया फिरवायला लोक एक्स२७ जातीच्या छोट्या स्टेपर मोटर वापरतात, गाडीच्या स्पीडोमीटरमध्ये असतात त्याच. ती ३१५ अंश फिरते. आपण कुठे आहोत हे तिला ठाऊक नसतं, म्हणून चालू करताना सुई मागे नेऊन आडणीला टेकवायची आणि तिथून पावलं मोजायची. एखादं पाऊल चुकलं तर सुई बेधडक खोटी जागा दाखवते, आणि तिच्याकडे बघून ते कळत नाही.

तर तेरखेडा. हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. हाताच्या कौशल्याचं, जोखमीचं काम, आणि त्याला १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली परवाना लागतो. लागायलाच हवा. विमानाचंही तसंच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं, पण नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. घरच्या कॉकपिटला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. स्विच आणि डायोड पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, प्लायवूड कुठेही, आणि पॅनलवरची अक्षरं गाड्यांच्या नंबरप्लेट करणारा रेडियमवाला कापून देतो. तेरखेड्यातल्या मुलालाही हे जमण्यासारखं आहे. लिंक यांना निदान एक कारखाना तरी लागला होता.

याने वैमानिक होता येईल का? नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि घरच्या पॅनलवरचा एक तासही त्यात धरत नाहीत. शिवाय घरी शिकलेल्यांना खिडकीबाहेर बघायचं सोडून डायलकडे टक लावायची सवय लागते, अशी उड्डाण शिकवणाऱ्यांची तक्रार असते. आणि घरची खुर्ची कलत नाही, त्यामुळे कान खोटं बोलतोय आणि तरी सुईचं ऐकायचंय, ही झटापट इथे होतच नाही. लिंक यांच्या भात्यांना ती थोडी तरी जमली होती.

पण एक गोष्ट विकतच्या पॅनलपेक्षा घरचं पॅनल जास्त चांगली शिकवतं. ज्याने प्रत्येक सुईमागची मोटर बसवली, प्रत्येक टाका सोल्डर केला, त्याला पक्कं माहीत असतं की सुई म्हणजे सत्य नव्हे. एक टाका सुटला की ती खोटं बोलणार. म्हणून तो आपोआप शेजारच्या डायलकडे बघतो. तुम्ही असं पॅनल करायला घेतलंत तर कृत्रिम क्षितिजं दोन लावा. आणि मधूनमधून दुसऱ्या कुणाला तरी न सांगता एकाची वायर काढायला सांगा.