गुराबेचे चित्र आणि इतिहासाचे प्रमाण

जुनी लढाऊ विमाने चितारणाऱ्या हौशी अभ्यासकास छायाचित्रे व मूळ आराखडे यांचा आधार मिळतो. आंजर्ल्याच्या कड्यावरून सुवर्णदुर्ग न्याहाळून आंग्र्यांचे आरमार चितारू पाहणाऱ्यास तशी सोय नाही. १७५५ साली कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून जिंकलेला हा दुर्ग उभा आहे. नौका उरल्या नाहीत. इंग्रज इतिहासकार ऑर्म याने केलेले वर्णन तेवढे हाती येते: गुराब दोन वा तीन डोलकाठ्यांची, उथळ पाण्यात चालणारी, पुढे निमुळती, गलबत त्याहून लहान, ४०-५० वल्ह्यांचे. परंतु ही लेखणी प्रतिपक्षाची आहे. म्हणून चित्रातील कोणती रेषा पुराव्याची व कोणती तर्काची, हे चित्रकाराने नमूद केले पाहिजे; एरव्ही सुबक कल्पनाच इतिहास म्हणून रूढ होते.