टपालाने आलेला चित्रपट

२९ सप्टेंबर २०२३ या दिवशी अमेरिकेतील नेटफ्लिक्स कंपनीने चित्रपटांच्या शेवटच्या तबकड्या टपालात टाकल्या. १९९८ पासून सतत पंचवीस वर्षे हा व्यवहार चालला होता आणि तेवढ्या काळात पाचशे कोटींहून अधिक तबकड्या घरोघर जाऊन आल्या होत्या. शेवटच्या खेपेच्या वेळी सभासदांना कळविण्यात आले की, हाती असलेल्या तबकड्या परत केल्या नाहीत तरी चालेल. ज्या व्यवहाराचा सारा डोलारा वस्तू परत येण्यावर उभा होता, त्याची सांगता अशी झाली.

आज नेटफ्लिक्स म्हटले की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर हवे तेव्हा दिसणारे चित्रपट डोळ्यांपुढे येतात. याच कंपनीचा जन्म टपाल खात्याच्या आधाराने झाला, हे आपल्याकडील फार थोड्यांना ठाऊक असते. तो व्यवहार कसा जन्मला, कशाच्या बळावर वाढला आणि जाताना आपल्याबरोबर काय घेऊन गेला, याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

चित्रपट भाड्याने देण्याची कल्पना त्याआधी वीस वर्षे जुनी होती. १९७७ साली अमेरिकेत चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेट रीतसर विक्रीस आल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज अ‍ॅटकिन्सन या गृहस्थाने लॉस एंजल्समध्ये त्या भाड्याने देण्यास आरंभ केला. वर्षाची वर्गणी पन्नास डॉलर आणि वर एका दिवसाचे भाडे दहा डॉलर. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरीही लोक आले. १९८५ मध्ये टेक्सास राज्यातील डॅलस शहरात ब्लॉकबस्टरचे पहिले दुकान निघाले आणि पुढे या एका कंपनीची जगभरात नऊ हजारांवर दुकाने झाली. आपल्याकडेही १९८०-९० च्या दशकांत शनिवारी रात्री कॅसेट आणि सोबत व्हीसीआरही भाड्याने आणून साऱ्या आळीने मिळून चित्रपट पाहिल्याची आठवण अनेक घरांत असेल. त्या आठवणीत कॅसेट वेळेवर परत नेण्याची धावपळही असतेच.

कारण दुकानदाराचा व्यवहारच मुदतीवर चालत असे. कॅसेट उशिरा परत आली की दंड. ब्लॉकबस्टरला २००० या एका वर्षात अशा दंडापोटी सुमारे ८० कोटी डॉलर मिळाले. म्हणजे एकूण उत्पन्नाचा जवळजवळ सहावा हिस्सा ग्राहकांच्या विसरभोळेपणातून येत होता. ग्राहक चिडत होते, पण गावात दुसरे दुकान नसे. शिवाय दुकानाच्या भिंतींना मर्यादा असते. फळ्यांवर जागा नव्या आणि गाजलेल्या चित्रपटांना मिळे. चाळीस वर्षांपूर्वीचा किंवा परभाषेतला चित्रपट शोधणाऱ्यास रिकाम्या हाताने परतावे लागे.

ही स्थिती बदलली ती एका हलक्या तबकडीमुळे. डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९७ च्या वसंतात बाजारात आली. तिचा व्यास बारा सेंटिमीटर आणि जाडी सव्वा मिलिमीटरहूनही कमी. कॅसेट टपालाने पाठवावयाची तर ती जड, खर्चिक आणि नाजूक. ही तबकडी मात्र पत्राच्या लिफाफ्यात सहज मावत होती. दुसरेही एक कारण होते. भाड्याच्या दुकानांना नवी कॅसेट ऐंशी-शंभर डॉलरपर्यंत पडे. डीव्हीडी मात्र चित्रपट कंपन्यांनी घरोघर विकण्याच्या हेतूने काढली असल्याने ती वीस-पंचवीस डॉलरांत मिळत होती. थोड्या भांडवलात मोठा संग्रह उभा करणे त्यामुळे शक्य झाले.

मार्क रँडॉल्फ आणि रीड हेस्टिंग्ज या दोघांनी १९९७ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग केला. डीव्हीडी त्यांच्या हाती नव्हती. म्हणून गाण्यांची एक सीडी शुभेच्छापत्राच्या लिफाफ्यात घालून, बत्तीस सेंटचे तिकीट लावून, त्यांनी ती हेस्टिंग्ज यांच्याच पत्त्यावर पाठविली. दुसऱ्या दिवशी ती सुखरूप पोहोचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीची स्थापना झाली आणि १४ एप्रिल १९९८ रोजी नऊशेच्या आसपास चित्रपटांनिशी स्कॉट्स व्हॅली या लहान गावातून कामास प्रारंभ झाला. एका चित्रपटाच्या कॅसेटवर चाळीस डॉलर दंड भरावा लागला आणि त्या संतापातून ही कल्पना सुचली, अशी एक कथा हेस्टिंग्ज पुढे सांगत असत. ती सोयीची गोष्ट होती, प्रत्यक्षात कल्पना तशी एका झटक्यात आली नाही, असे रँडॉल्फ यांनी नंतर स्पष्ट केले आहे. संस्थांच्या जन्मकथा अनेकदा अशाच घडतात. लोकांना लक्षात राहावी म्हणून घटना सोपी करून सांगितली जाते.

पहिले दीड वर्ष तोट्याचे गेले. दुकानाप्रमाणेच प्रत्येक चित्रपटाचे भाडे, त्यावर टपालखर्च आणि वर परतीची मुदत, असा तो व्यवहार होता. लोक एकदा येत आणि पुन्हा फिरकत नसत. गोदामात मात्र हजारो तबकड्या पडून होत्या. तेव्हा विचार पुढे आला की, या तबकड्या गोदामात ठेवण्याऐवजी ग्राहकांच्याच घरी का ठेवू नयेत? १९९९ च्या सप्टेंबरात मासिक वर्गणीची पद्धत सुरू झाली आणि पुढील काही महिन्यांत तिला स्थिर रूप आले. सभासदाने पसंतीच्या चित्रपटांची क्रमवार यादी करून ठेवावी. यादीतील पहिल्या काही तबकड्या, बहुधा तीन, घरी याव्यात. वाटेल तितके दिवस त्या ठेवाव्यात. एक परत केली की यादीतील पुढची आपोआप निघावी. मुदत नाही, दंड नाही, परतीचे टपाल आधीच भरलेले. नव्या कुटुंबास पहिला महिना विनामूल्य देण्यात येई. २००० च्या आरंभी सुट्या भाड्याची जुनी पद्धत बंदच करण्यात आली.

या एका बदलाने ग्राहकाचे मन ओळखले होते. दंडाच्या धाकाने परत येणारी वस्तू आता पुढच्या वस्तूच्या ओढीने परत येऊ लागली. फेब्रुवारी २००३ पर्यंत सभासदांची संख्या दहा लाखांवर गेली आणि २००७ च्या फेब्रुवारीत शंभर कोटीवी तबकडी रवाना झाली.

मात्र हे श्रेय एकट्या कंपनीचे नव्हे. आरंभी साऱ्या देशासाठी सॅन होझे परिसरात एकच गोदाम होते. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरील सभासदास बरेच दिवस थांबावे लागे. जवळच्या भागांत, जेथे लिफाफा दुसऱ्याच दिवशी पोहोचे, तेथे सभासद अधिक वेगाने वाढतात, असे आढळून आले. त्यानंतर २००२ पासून देशभर पन्नासांहून अधिक लहान केंद्रे उघडण्यात आली. पहाटे टपाल कचेरीतून पेट्या आणावयाच्या, लिफाफे हातांनी उघडावयाचे, तबकडी पुसून तिच्यावर ओरखडा आहे काय हे पाहावयाचे आणि त्याच दिवशी ती दुसऱ्या पत्त्यावर धाडावयाची. हे काम करणाऱ्या हातांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. आणि त्या लिफाफ्याला शहरातील इमारतीपर्यंत जेवढे तिकीट लागे, तेवढेच डोंगराआडच्या एकाकी शेतघरापर्यंत लागे. सर्वांना एकच दर, हे टपाल खात्याचे जुने सार्वजनिक तत्त्व या नव्या धंद्याचा पाया ठरले. ज्या गावात चित्रपटाचे दुकान कधी निघाले नसते, त्या गावातील घरापुढे महानगराइतकाच संग्रह उघडा झाला.

टपाल खात्याला याचा भारही सोसावा लागला. लिफाफ्याची एक कड मऊ असल्याने परतीच्या वाटेवर तो छाननी यंत्रात अडके. २००७ मधील टपाल खात्याच्याच तपासणी अहवालानुसार असे सुमारे सत्तर टक्के लिफाफे हातांनी हाताळावे लागत आणि दोन वर्षांत त्यापायी जवळजवळ ४ कोटी २० लाख डॉलर जादा खर्च झाला होता. संगणकीय खेळांच्या तबकड्या टपालाने पाठविणाऱ्या गेमफ्लाय या कंपनीने तर तक्रार केली की, नेटफ्लिक्सच्या लिफाफ्यांना जी हातांची निगा मिळते, ती आम्हाला का नाही? २०११ मध्ये टपाल नियामक आयोगाने हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला.

ठरावीक वर्गणीत अमर्याद चित्रपट, या वचनाचीही एक दुसरी बाजू होती. तबकडी आली त्याच रात्री पाहून दुसऱ्या सकाळी परत करणारे कुटुंब कंपनीस परवडत नसे, कारण प्रत्येक फेरीचा टपालखर्च तिच्याच माथी पडे. महिन्यात एखादाच चित्रपट पाहणारे कुटुंब लाभाचे ठरे. भरभर पाहणाऱ्यांना तबकड्या मुद्दाम सावकाश पाठविल्या जातात, अशी कुजबुज सुरू झाली. २००४ मध्ये या प्रश्नावर कॅलिफोर्नियात खटला दाखल झाला. कमी चित्रपट मागविणाऱ्यांना अग्रक्रम दिला जातो, हे त्यानंतर कंपनीने आपल्या नियमांत लिहून टाकले आणि खटला तडजोडीने मिटला. दंड गेला तरी हिशेब गेला नव्हता. तो केवळ दिसेनासा झाला होता.

ब्लॉकबस्टरकडे पाहिले तर इतिहास किती थोडक्यात वळण घेतो ते कळते. २००० साली नेटफ्लिक्सचे संस्थापक डॅलसला गेले आणि त्यांनी आपली तोट्यातील कंपनी पाच कोटी डॉलरांस देऊ केली. नकार मिळाला. २००४ मध्ये ब्लॉकबस्टरने स्वतःच टपालसेवा सुरू केली. परंतु दुकानांचा आणि कर्जाचा भार मोठा होता. २०१० च्या सप्टेंबरात तिला दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला.

या साऱ्या व्यवहाराखाली कायद्याचे एक कलम शांतपणे उभे होते. १९०८ मध्ये एका पुस्तकाच्या किमतीवरून झालेल्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, प्रत एकदा विकली गेल्यावर तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाची सत्ता चालत नाही. हेच तत्त्व तेथील १९७६ च्या कायद्याच्या १०९ व्या कलमात आहे. त्यामुळे बाजारातून रीतसर घेतलेली चित्रपटाची तबकडी भाड्याने देण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती. जी विकत मिळे, ती संग्रहात येऊ शके. मूकपट, माहितीपट, परभाषेतील चित्रपट, विस्मृतीत गेलेल्या मालिका असा लाखभर शीर्षकांचा तो संग्रह होण्याचे कारण हेच होय.

आपल्या देशातील नियम वेगळा आहे. १९९४ च्या दुरुस्तीपासून भारतीय कायद्यात चित्रपटाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क, ती प्रत पूर्वी विकली गेली असली तरी, हक्कधारकाकडेच राहतो. परदेशात विकत घेतलेल्या तबकड्या परवानगीविना येथे भाड्याने देण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये मनाई केली ती याच आधारावर. बंगळूरची सेव्हन्टी एमएम आणि २००८ मध्ये सुरू झालेली बिगफ्लिक्स यांनी आपल्या शहरांत वर्गणीवर घरपोच तबकड्या देण्याचा प्रयत्न केला. मुंबईकरांनीही ती सेवा अनुभवली. पण तेथे टपालपेटीची जागा दारात येणाऱ्या मुलाने घेतली आणि हा व्यवहार फार काळ टिकला नाही. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आली, तेव्हा लाल लिफाफा तिच्यासोबत नव्हता.

कारण तोवर अमेरिकेतही वारा फिरला होता. २००७ च्या जानेवारीत कंपनीने इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला. २०११ मध्ये टपाल आणि इंटरनेट यांच्या वर्गण्या वेगळ्या केल्या. दोन्ही हव्या असणाऱ्यांस दहा डॉलरऐवजी सोळा डॉलर पडू लागले. तबकड्यांचा विभाग निराळ्या नावाने अलग करण्याची घोषणा सप्टेंबरात झाली आणि तीन आठवड्यांत मागेही घेतली गेली. त्या तीन महिन्यांत आठ लाख सभासद सोडून गेले. तरीही दिशा बदलली नाही. तबकडीच्या वाट्याला उरले ते जुन्या चित्रपटांचे चाहते आणि ज्यांच्या गावी वेगवान इंटरनेट पोहोचले नव्हते अशी घरे.

येथेच खरी हानी ध्यानी येते. इंटरनेटवर दाखविला जाणारा चित्रपट कंपनीने विकत घेतलेला नसतो. स्वतःची निर्मिती सोडल्यास तो ठरावीक मुदतीच्या परवान्यावर असतो. करार संपला की तो नाहीसा होतो. घरोघरी होणारी सोय वाढली, प्रतीक्षा संपली, हे नाकारण्याचे कारण नाही; परंतु लाखभर शीर्षकांचा जो संग्रह विकत घेऊन ठेवला होता, त्याची जागा परवानगीने चालणाऱ्या, दर महिन्यास बदलणाऱ्या यादीने घेतली. पूर्वी मुदत ग्राहकाच्या हातातील वस्तूला असे. आता ती चित्रपटालाच लागली आहे.

म्हणून त्या शेवटच्या लिफाफ्यांकडे केवळ जुन्या आठवणी म्हणून पाहता येत नाही. अमेरिकेतील कित्येक घरांत ती न परतलेली तबकडी आजही कपाटात असेल. तिच्यावर ओरखडे असतील, ती चालविणारे यंत्रही कदाचित बिघडले असेल. पण ती त्या घराची आहे. कोणताही करार संपला म्हणून ती कपाटातून नाहीशी होणार नाही. आपल्याही घरांत लग्नकार्याच्या कॅसेट, आजीच्या आवाजातील ध्वनिफिती, जुनी छायाचित्रे धूळ खात पडलेली असतात. त्यांची नवी प्रत करून ठेवण्याचे काम आपण नेहमी पुढच्या सुटीवर ढकलतो. ते याच सुटीत हाती घ्यावे, एवढे तरी या इतिहासावरून सुचावे.