सूर्य थांबवणारी टेकडी

बाराव्या शतकातली हिवाळ्यातली रात्र आहे. आयर्लंडमध्ये बॉयन नदीच्या वळणावर तुम्ही उभे आहात. चढावर गवताने झाकलेला अवाढव्य ढिगारा दिसतो, सुमारे ८५ मीटर रुंद. त्याचे दार घसरलेल्या दगडमातीखाली गाडले गेले आहे. पुढे लोक याला न्यूग्रेंज म्हणतील. आज मात्र शेकोटीपाशी बसलेला कथेकरी याला ‘ब्रू’ म्हणतो, म्हणजे देवांचा वाडा.

धुराने डोळे चुरचुरतात, पण तुम्ही जवळ सरकता. दाग्दा हा देवांमधला थोरला. बॉयन नदीची देवी बोआन हिच्यावर त्याचे मन जडले. तिच्या नवऱ्याला त्याने कामावर धाडले आणि सूर्य जागीच थांबवला. नऊ महिने उलटले, पण नवऱ्याला तो एकच दिवस वाटला. त्या दिवसात एंगस जन्मला आणि मोठेपणी या वाड्याचा धनी झाला.

कथेकरी मग शेजारच्या ढिगाऱ्याकडे, डाउथकडे, हात करतो. तिथली गोष्ट काळोखी आहे. गुरे रोगाने मेली. अशा वेळी राजाने आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला काढला. प्रजेने एकाच दिवसाची मजुरी कबूल केली. राजाच्या बहिणीने मंत्राने सूर्य रोखून धरला, तो दिवस मावळू नये म्हणून. पण राजाने बहिणीशीच संग केला, मंत्र तुटला आणि भरदिवसा अंधार पडला. मजूर हत्यारे टाकून निघून गेले.

दोन्ही गोष्टींत सूर्य थांबतो. हे लक्षात ठेवा आणि मागे चला, चार हजारांहून अधिक वर्षे.

इसवी सन पूर्व ३२०० च्या सुमाराची पहाट. केल्टिक भाषा या बेटावर अजून आलेल्याच नाहीत. दाग्दा, एंगस ही नावे उच्चारणारे कोणीच नाही. इजिप्तचे पिरॅमिडही उभे राहायचे आहेत. ढिगारा नवा आहे आणि दाराशी वेटोळ्यांची नक्षी कोरलेली आडवी शिळा आहे. तिला वळसा घालून तुम्ही आत शिरता. बोळ १९ मीटर लांब आहे. दोन्ही बाजूंच्या उभ्या शिळा खांद्यांना घासतात, जमीन हळूहळू चढत जाते. शेवटी गाभारा लागतो. वर दगडांचे थर एकेक पाऊल आत सरकत सहा मीटर उंचीवर मिटले आहेत. फटी भाजलेली माती आणि समुद्राची वाळू भरून बुजवल्या आहेत. पाण्याचा थेंब आत येत नाही. तीन कोनाडे आहेत. सर्वांत नक्षीदार कोनाड्यात हाडे ठेवलेली आहेत.

थंडीने बोटे बधिर झाली आहेत. बाहेर दारावरच्या झरोक्यातला गारगोटीचा ठोकळा सरकल्याचा खरखर आवाज येतो. वर्षातला सर्वांत लहान दिवस उगवतो आणि उन्हाची तिरीप बोळातून सरळ मागच्या भिंतीवर जाऊन पडते. या दिवसांत सूर्य क्षितिजावर रोज जवळपास त्याच जागी उगवतो. तो थांबला आहे.

हे बांधणाऱ्यांनंतर बेटावर दुसरेच लोक आले आणि जुन्यांचा वंश जवळजवळ पुसला गेला. शिवाय कथेकऱ्याच्या काळात दाराबरोबर झरोकाही बुजलेला असणार, तरी त्याच्या तोंडी थांबलेला सूर्यच आहे. मला या जागेची सगळी थोरवी यातच वाटते.

पुढचा प्रवास भराभर. १६९९ साली जमिनीचा मालक रस्त्यासाठी दगड उपसायला लावतो आणि बोळ उघडा पडतो. १९६७ च्या २१ डिसेंबरला पुरातत्त्वज्ञ मायकल ओ’केली एकटेच गाभाऱ्यात थांबतात, कारण उगवतीचे ऊन आत येते अशी गावची जुनी बोलवा त्यांच्या कानावर आहे. नऊला दोन-तीन मिनिटे असताना प्रकाश आत येतो आणि सतरा मिनिटे राहतो.

आणि २०२०. त्या नक्षीदार कोनाड्यातल्या हाडांपैकी एका पुरुषाच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध होते. त्याचे आईवडील सख्खे भाऊबहीण होते, किंवा आई-मुलगा वा बाप-लेक. राजघराण्याचे रक्त राजघराण्यातच राहावे म्हणून काही समाजांत अशी लग्ने होत, त्यामुळे इथेही तसेच घराणे असावे, असे संशोधकांना वाटते. डाउथच्या राजाची गोष्ट त्यांनीही त्याच शोधनिबंधात नोंदवली आहे. हा निव्वळ योगायोग असू शकतो. तरी त्या पुरुषाची हाडे जिथे होती तिथून डाउथ जेमतेम दोन किलोमीटरवर आहे, आणि भावाबहिणीची ती गोष्ट आयर्लंडभर कुठेही नाही, नेमकी तिथलीच म्हणून सांगितली गेली.