आपली जुनी घरे व त्यांचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करणे हे पुण्यकृत्य होय, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो आहोत. त्यासाठी वर्गणी निघते, जाणते लोक एकत्र बसतात, जुना गाभारा न हलविता काय करता येईल याचा खल होतो. परंतु ज्या घरात आपले वाडवडील जन्मले, वाढले व निवर्तले, त्याच्या जीर्णोद्धाराची वेळ आली की "पाडा व नवे बांधा" एवढा एकच विचार आपणांस सुचतो. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांपुढे हा प्रश्न आज उभा आहे. गावाकडील घराला कुलूप आहे, तर शहरातील वाड्याचे कागद बिल्डरच्या टेबलावर आहेत. अशा वेळी या घरांचा इतिहास पाहणे अगत्याचे वाटते.

देशावरील जुने घर 'खणां'नी मोजीत. दोन खांबांमधील गाळा म्हणजे खण. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या व कड्यांवर फळ्या अशी त्याची रचना असे. मध्यभागी चौक, त्याच्या भोवती ओसरी, सोपा, माजघर, देवघर व स्वयंपाकघर, आणि मागे परसू. चौकातून उजेड आत येई व तापलेली हवा वर निघून जाई. मराठवाडा व सोलापूर या कमी पावसाच्या मुलखात कौलांऐवजी पांढऱ्या मातीचे धाबे, म्हणजेच माळवद, घालीत. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती व वरचा मातीचा थर यांमुळे वैशाखातही घर थंड राही. जेथे ऐपत असे तेथे चुन्याचे काम होई. गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालून चुना घाणीत मळीत व मग तो वापरीत.

ही घरे एकदा बांधली व तशीच राहिली, असे मात्र कधीच झाले नाही. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली राहता झाला, आणि त्यानंतरच्या पेशव्यांनी त्यात सतत भर घातली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणविले, तेव्हा हौद ही नवी सोय पेठांतून आली. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०७ साली पुरा झाला. पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ साली त्याला आग लागली, तरी त्याची दुरुस्ती झाली आणि पुढे नगरपालिकेचे कामकाजही त्यात चालले. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला तो पुन्हा उभा राहिला नाही, परंतु विश्रामबागवाडा आजही उभा आहे. घराचे आयुष्य त्याच्या वयापेक्षा त्याचा उपयोग व त्याची निगा यांवर अधिक अवलंबून असते, हे या दोन वाड्यांवरून दिसून येते.

तथापि जुन्या घराचे गोडवे गाताना त्यातील दुःखे झाकून ठेवणे इतिहासाच्या शिक्षकास शोभणार नाही. ओसरीवर वारा खेळे तो पुरुषांसाठी. माजघर अंधारे, स्वयंपाकघर धुराने कोंदलेले आणि बाळंतिणीची खोली तर बहुधा बिनखिडकीची असे. कित्येक माउल्यांचे डोळे त्या धुराने गेले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा अंधाऱ्या व कोंदट खोल्यांचा दोष सर्वांच्या डोळ्यांपुढे आला.

दुसरे दुःख आपल्या घराचे असून आपण दुसऱ्याच्या माथी मारले होते. वाड्याच्या मागे बोळ असे, आणि त्या बोळातून येऊन आपल्यासारखीच माणसे आपला मैला डोक्यावरून वाहून नेत. ती प्रथा कायद्याने बंद व्हावयास १९९३ साल उजाडले, आणि २०१३ साली पुन्हा अधिक कडक कायदा करावा लागला. पाण्याचीही कथा तशीच. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. घराची सुधारणा केवळ विटा-चुन्याची नसते, हे त्यांनी कृतीने दाखविले. म्हणून जुने घर राखावयाचे, ते त्यातील अन्यायासह राखावयाचे नाही.

वाड्यांचा ऱ्हास कसा झाला हेही पाहिले पाहिजे. वाटण्या होत गेल्या, भाऊ-भाऊ वेगळे झाले, आणि चौकात भिंत उभी राहिली किंवा त्यावर पत्रा पडला. ज्या चौकातून घर श्वास घेत होते, तो असा बुजला. शहरात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूस आसरा मिळाला, परंतु मालकास त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना आणि वाडे गळू लागले. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, व मुठेकाठच्या पेठांतील मातीत बांधलेल्या भिंती पाण्यात विरघळल्या. त्यानंतर अनेक जागी सिमेंटच्या इमारती आल्या.

परंतु सर्वांत कठोर धडा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दिला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. त्या घरांचे कोठे चुकले? भिंतीला आतून व बाहेरून दगडाचे दोन वेगळे थर असत, मध्ये माती व खडी भरलेली असे आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नसे. वर माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी दरसाल नवी माती पडे, आणि जुनी कोणी उतरवीत नसे. असे करता करता काही घरांवर दोन-दोन फूट मातीचे ओझे चढले होते. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी खण उभे राहिलेले दिसले. म्हणजे पूर्वजांच्या सांगाड्यात बळ होते. घात झाला तो निगेच्या नावाखाली वाढत गेलेल्या भाराने व बांधणी नसलेल्या भिंतीने.

अतिशय हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर असंख्य गावांत मात्र जुनीच घरे बळकट करण्याचा मार्ग अभियंत्यांनी दाखविला, आणि तो आजही आपल्या उपयोगाचा आहे. धाब्यावरील माती उतरवून थर वीतभराच्या आत आणावा. खांब व तुळई यांच्या जोडाला तिरपे आधार द्यावेत. भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड किंवा त्याऐवजी काँक्रीटचे सांधे घालावेत, आणि भिंतीच्या माथ्याशी घराला सर्व बाजूंनी पट्टा बांधावा. कोणतेही सुशोभन करण्याआधी हे झाले पाहिजे.

यापुढील गोष्टी सोयीच्या आहेत. चौक मोकळा करावा. पत्रा हवाच असेल तर उजेड व वारा येईल असा उंच घालावा. माती वा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊ नये, कारण आतील ओल कोंडते व भिंतीतील लाकूड कुजते. तेथे चुन्याचाच गिलावा योग्य. न्हाणीघर व शौचकूप घरात अवश्य आणावेत, मात्र त्यांचे पाणी जोत्यात मुरणार नाही अशी नळाची वाट आधी ठरवावी. तळखड्याशी वाळवी लागली आहे काय, हे पाहूनच खांबावर नवा भार टाकावा. विजेच्या जुन्या तारा सर्वस्वी बदलाव्यात. आणि सर्वांत आधी स्वयंपाकघराला मोठी खिडकी पाडावी. शंभर वर्षे धूर सोसलेल्यांचे ते देणे आहे.

काम हाती घेण्यापूर्वी घराचा नकाशा काढून घ्यावा व स्थापत्य जाणणाऱ्या अभियंत्यास सर्व घर दाखवावे. तसेच सर्व हिस्सेदारांस एकत्र बसवावे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. तेव्हा सासरी गेलेल्या लेकींना बैठकीस बोलावणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, त्यांचा तो अधिकार आहे. चौकातील भिंत गवंड्याने पाडावयाची खरी, पण तिची पहिली वीट या बैठकीतच निघते.

जे घर मोडकळीस येऊन जिवास धोका झाले असेल, ते पाडावेच. त्यात संकोच नको. परंतु ज्याचे खांब शाबूत आहेत, त्यावर कुदळ मारण्यापूर्वी एक वेळ खाली बसून ते नीट पाहावे. ज्यांनी ते बांधले त्यांनीही आपल्या काळची सर्वांत चांगली सोयच त्यात केली होती. आपल्या काळची सोय त्यात आपण करावी, आणि पुढील पिढीस तिची सोय करता येईल असे घर तिच्या स्वाधीन करावे, एवढीच सर्व ज्ञातिबंधू-भगिनींस नम्र विनंती.