भिवंडीचा गोदामपट्टा

ठाणे जिल्ह्यात भिवंडी शहराच्या भोवती, ठाणे–भिवंडी रस्ता आणि मुंबई–नाशिक महामार्ग यांच्या आधाराने पसरलेला माल साठवणुकीचा पट्टा. देशातील सर्वांत मोठ्या गोदामक्षेत्रांत त्याची गणना होते. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली ही त्यातील प्रमुख गावे.

पट्टा वाढला तो जकातीमुळे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागे. या गावांत ती नव्हती. व्यापारी इथे माल उतरवून ठेवीत आणि लागेल तेवढाच शहरात नेत. भातखाचरांवर मुरमाचा भराव पडत गेला, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर गाळे उभे राहिले. २००७ मध्ये ६० गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले, तोवर बांधकामे फार पुढे गेली होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात संपली. पण महानगर आणि महामार्ग जवळ असल्याने गोदामे हलली नाहीत, उलट ऑनलाइन खरेदीने वाढली.

जमीनवापराचा खरा प्रश्न इथे पाण्याचा आहे. माल चढवणे-उतरवणे सोपे जावे म्हणून गोदामाचा ओटा ट्रकच्या हौद्याएवढा, सुमारे चार फूट उंच बांधतात. आतला माल कोरडा राहतो. भरावाने अडलेले पाणी शेजारच्या उरल्यासुरल्या शेतात आणि सखल गावठाणात शिरते. एक हेक्टर पत्र्याच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस झाला की १० लाख लिटर पाणी एकदम खाली येते. खाचरात ते बांधाबांधाला थांबत, मुरत कामवारी नदीला आणि खाडीला मिळे. म्हणून विकास आराखड्यात आधी नाले, खाजणे आणि कांदळवने राखून मग भूखंड पाडले पाहिजेत, आणि छपराचे पाणी आवारातच साठवण्याची अट बांधकाम परवानगीत घातली पाहिजे. जमीन वाचवायची तर पसरट गाळ्यांऐवजी बहुमजली गोदामे हवीत. गोदामांतला रसायनांचा साठा वस्तीपासून वेगळा काढणे तर तातडीचे आहे.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे, त्यामुळे भरावाचा दाब आता त्या बाजूला सरकणार. रस्त्यावरचा भार हलका करायला वसई–दिवा लोहमार्गावरील भिवंडी रोड स्थानक हाताशी आहे. २०२० पासून तिथून पार्सल गाड्या सुटू लागल्या.