मुद्रा, मर्यादा आणि मुद्रणयंत्र

श्रोतेहो, कांहीं विषय नांवानें नवे असतात आणि स्वभावानें जुने असतात. आज ज्याविषयीं बोलावयाचें आहे तो त्यांपैकींच एक आहे. सातारा-सांगलीकडील बँका, पतपेढ्या, कारखान्यांच्या कचेऱ्या आणि महाविद्यालयें यांत हल्लीं प्रत्येक मेजावरचें यंत्र स्वतः सर्व काम करतेंच असें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं मुख्य संगणक, ज्यास सर्व्हर म्हणतात, तो एका बंद खोलींत किंवा दूरच्या शहरांत असतो. मेजावर बोटांनीं दाबलेलीं अक्षरें तिकडे जातात, काम तिकडेच होतें, आणि इकडे येतें तें केवळ पडद्यावरचें चित्र. यंत्र एक आणि वापरणारे चाळीस, अशी ही व्यवस्था आहे. तींतून दोन प्रश्न उत्पन्न होतात. कोणास काय करूं द्यावें, हा पहिला. आणि कोणाच्या नजरेस कोणता प्रिंटर पडावा, हा दुसरा.

हे प्रश्न यंत्रज्ञांचे आहेत, आपणांस त्यांच्याशीं काय कर्तव्य, असें सुशिक्षित गृहस्थासहि वाटण्याचा संभव आहे. परंतु वाचण्याचा अधिकार, लिहिण्याचा अधिकार आणि कागदावर अखेरचा ठसा उमटविण्याचा अधिकार हे तीन एका हातीं जाऊं देऊं नयेत, हा धडा आपल्या प्रांतानें संगणकाच्या फार पूर्वीं आणि मोठें मोल देऊन घेतलेला आहे.

प्रथम जुन्या राजपत्रांकडे पाहूं. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीं, १६७४ सालीं, अष्टप्रधानांचीं कामें ठरविणारा जो जाबता झाला, त्यांत राजपत्रें तपासून अधिक-उणें अक्षर शुद्ध करण्याचें काम सचिवाकडे दिलेलें आहे. मजकूर लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि मुद्रा उमटे ती राजाच्या अधिकारानें. मजकूर जेथें संपे तेथें एक लहान मुद्रा करीत. तिला मोर्तब म्हणत. शिवकालीन मोर्तबांतील अक्षरें ‘मर्यादेयं विराजते’ अशीं आहेत. येथें मर्यादा आहे, तिच्यापुढें कोणीं अक्षर वाढवूं नये, असा त्याचा व्यवहारांतील अर्थ. पुढें १७०८ सालीं शाहूछत्रपतींचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. कालांतरानें कारभार पुण्यास गेला, तरी पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहूनच येत राहिलीं. काम कोण करतो आणि तें करण्याचा अधिकार त्यास कोणी दिला, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, ही जाणीव त्या वस्त्रांत होती.

लिहिण्याचा अधिकार भलत्या हातीं गेला म्हणजे काय होतें, तें आपल्या भाषेनेंच एका वाक्प्रचारांत जपून ठेवलें आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्या वेळीं ‘धरावें’ या आज्ञेंतील एक अक्षर फिरवून ‘मारावें’ असें केलें गेलें, अशी लोककथा आहे. इतिहाससंशोधक ती कथा सिद्ध मानीत नाहींत. तरीहि ‘ध चा मा करणें’ हे शब्द आज लहान मुलाच्याहि तोंडीं आहेत. त्या वधाची चौकशी करून रघुनाथरावांस दोषी ठरविणारे रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे, हें श्रोत्यांस ठाऊक असेलच.

ठशाच्या अधिकाराचें उदाहरण याहून दुःखद आहे, आणि तें लोककथेंतलें नाहीं. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्यावर इंग्रज सरकारनें फितुरीचा आरोप ठेवला. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं गुप्त पत्रव्यवहार केला, हें त्या आरोपांपैकीं एक कलम होतें. पुराव्यासाठीं पुढें आलेले कागद बनावट आहेत, असें महाराजांच्या पक्षाचें म्हणणें होतें. त्या कागदांची उघड न्यायासनासमोर छाननी झाली नाहीं आणि ५ सप्टेंबर १८३९ रोजीं महाराजांस पदच्युत करण्यांत आलें. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनीं १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्यें राहून दाद मागितली. ती मिळाली नाहीं. महाराज १८४७ सालीं काशीस वारले आणि १८४८ सालीं राज्यहि खालसा झालें. हा कागद कोणीं लिहिला, हा ठसा कोणाच्या हातानें आणि कोणाच्या आज्ञेनें उमटला, याची निर्विवाद नोंद नसली म्हणजे निर्दोष मनुष्यास आपलें निर्दोषत्व सिद्ध करतां येत नाहीं आणि दोषी मनुष्यास पकडतां येत नाहीं. आजच्या सर्व्हरवर प्रत्येकास स्वतंत्र नांव व स्वतंत्र पासवर्ड द्यावा, चौघांनीं मिळून एकच नांव वापरूं नये, असा आग्रह धरतात त्याचें मूळ कारण हेंच.

तिसरा अधिकार वाचण्याचा. इंग्रजी अमदानींत पुण्याचें पेशवे दप्तर अभ्यासकांस दीर्घकाळ सहजासहजीं पाहूं दिलें जात नसे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले. तत्पूर्वीं विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांस आपला पहिला खंड, जो १८९८ सालीं निघाला, तो वाईस सांपडलेल्या कागदांवर उभारावा लागला. आणि मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. दप्तराचें दार सर्वांस सताड उघडें टाकलें तर कागद नाहींसे होतात. तें सर्वांस बंद केलें तर ज्ञान नाहींसें होतें. म्हणून परवानगी ही गोष्ट केवळ नकार देण्याची नव्हे; ती मोजून देण्याची आहे.

आतां हेच तीन अधिकार संगणकाच्या जगांत कसे आले तें पाहूं. एकाच संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें, ही कल्पना अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं प्रत्यक्ष करून दाखविली. प्रत्येकास यंत्राचा ठराविक वेळ वांटून दिलेला असे आणि प्रत्येकाच्या फायलींस पासवर्डचें कुलूप असे. ॲलन शेर नांवाच्या एका संशोधक विद्यार्थ्यास आपल्या वांट्याचा वेळ पुरेना. १९६२ सालीं त्यानें काय करावें? कुलूप फोडण्याच्या भरीस तो पडलाच नाहीं. छिद्रें पाडलेल्या एका कार्डावर फाईलचें नांव लिहून दिलें म्हणजे ती फाईल छापून मिळे, अशी तेथें सोय होती. त्यानें सर्वांच्या पासवर्डांच्या फाईलचेंच नांव लिहून दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे सगळ्यांचे पासवर्ड कागदावर छापलेले घेऊन गेला! जी फाईल वाचण्याचा त्यास अधिकार नव्हता, ती छापण्याचा अधिकार छापणाऱ्या यंत्रणेस होता. आणि मागणारा कोण आहे हें त्या यंत्रणेनें विचारलें नाहीं. दरवाजाला पहारा बसविला आणि खिडकी मोकळी राहिली.

पुढें १९६९ पासून बेल प्रयोगशाळेंत युनिक्स ही प्रणाली तयार झाली. तींत प्रत्येक फाईलवर वाचणें, लिहिणें आणि चालविणें असे तीन अधिकार असतात. ते फाईलचा धनी, त्याचा गट आणि इतर लोक यांस निरनिराळे देतां येतात. १९७५ सालीं जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनीं एक तत्त्व शब्दांत मांडलें : प्रत्येकास, आणि प्रत्येक यंत्रणेसहि, काम भागेल इतकाच अधिकार द्यावा. आपल्याकडील मोर्तबाचा भावार्थ याहून फारसा वेगळा नाहीं.

कचेऱ्यांतून ही व्यवस्था सर्वत्र पसरली ती १९९८ नंतर. त्या सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज एन.टी. ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ति काढली आणि दूर असलेल्या एका सर्व्हरवर अनेकांस आपापला पडदा मिळूं लागला. त्याच सुमारास आपल्या भागांतहि या विद्येचें पाऊल पडलें. १९९८ सालींच कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गांवांसाठीं वारणेच्या सहकारी संस्थांच्या साह्यानें ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ योजना निघाली. उसाच्या नोंदी व हिशेब गांवच्या केंद्रांतील संगणकावर मिळावे, हा तिचा एक हेतु होता. १९१६ सालीं निघालेली सांगली बँक आणि १९३६ सालीं निघालेली साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक या दोन्ही अनुक्रमें २००७ व २००६ सालीं मोठ्या बँकांत विलीन झाल्या. जुन्या खातेवहींत लिहिणारा कारकून आणि सही करणारा अधिकारी निराळे असत. आज तीच दोन हातांची शिस्त संगणकावर पाळतात. पण खातेदाराच्या हातीं पुरावा म्हणून पडते ती पासबुकांतली छापील ओळच. ऊस-उत्पादकाच्या हातींहि वजनाची पावतीच पडते. म्हणून छापण्याचा प्रश्न किरकोळ समजूं नये.

दूरच्या सर्व्हरवर काम करणाऱ्या मनुष्याचा प्रिंटर त्याच्या मेजाजवळ असतो. तो जोडला गेला कीं सर्व्हर त्याच्या प्रिंटरचा जणूं एक प्रतिनिधि आपल्याकडे उभा करतो आणि तो मनुष्य निघून गेला कीं तो प्रतिनिधि काढून टाकतो. सामान्य वापरणाऱ्यास केवळ स्वतःचाच असा प्रिंटर दिसावा, ही मूळ योजना आहे. ज्यास सर्व व्यवस्था पाहण्याचा अधिकार, म्हणजे ॲडमिनचा अधिकार आहे, त्यास मात्र सर्वांचे प्रिंटर दिसतात. येथेंच घोटाळा होतो. एकादा प्रोग्राम चालेना, एकादी फाईल उघडेना, कीं त्या क्षणाची अडचण टाळण्यासाठीं कारकुनापासून प्रशिक्षणार्थीपर्यंत सर्वांसच ॲडमिन करून टाकतात. मग एके दिवशीं तक्रार येते कीं, छापावयास जावें तर यादींत तीस-चाळीस प्रिंटर दिसतात. कोणाचें वेतनपत्रक वाईच्या शाखेंत निघतें, कोणाच्या कर्जाचा अर्ज तासगांवच्या मेजावर पडतो. लोक प्रिंटरला दोष देतात. वस्तुतः रोग प्रिंटरचा नसून खिरापतीसारख्या वांटलेल्या अधिकाराचा असतो. प्रिंटरांची लांबलचक यादी हें त्याचें बाहेर दिसणारें लक्षण.

यावरचे उपाय साधे आहेत. ॲडमिनचा अधिकार एका-दोघांसच ठेवावा, आणि त्यांनींहि रोजच्या कामासाठीं दुसरें साधें नांव वापरावें. अधिकार माणसांस एकेक करून न देतां लेखा, वसुली, परीक्षा अशा गटांस द्यावे; म्हणजे बदली झालेल्या मनुष्यास गटांतून काढलें कीं त्याचे सर्व अधिकार एकदम संपतात. प्रिंटरच्या बाबतींतहि पायऱ्या आहेत : स्वतःचा कागद छापणें, दुसऱ्यांचीं रांगेंतलीं कामें थांबविणें, आणि प्रिंटरचीच व्यवस्था बदलणें. पहिली पायरी ज्यांना खरोखर लागते त्यांना द्यावी, उरलेल्या दोन व्यवस्थापकाकडे ठेवाव्या. गोपनीय कागद, मनुष्य प्रिंटरपाशीं उभा राहून आपला सांकेतिक अंक दाबीपर्यंत, बाहेर येऊंच नये, अशीहि सोय असते. आणि ज्या सर्व्हरवरून कांहींच छापावयाचें नाहीं त्यावरची छपाईची यंत्रणा सरळ बंद ठेवावी.

हा शेवटचा उपाय कोणास अतिरेक वाटेल. म्हणून अलीकडची एक गोष्ट सांगतों. २०२१ च्या जून-जुलैमध्यें विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेंतला एक दोष जगापुढें आला. त्यास ‘प्रिंट नाइटमेअर’ असें नांव पडलें. ती यंत्रणा संगणकांतील सर्वोच्च अधिकारानें चालते. नव्या प्रिंटरची जोडणी करावयाची आहे असें भासवून साधा वापरणाराहि तिच्याकडून आपला प्रोग्राम त्याच सर्वोच्च अधिकारानें चालवून घेऊं शकत होता. मायक्रोसॉफ्टला तांतडीनें दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली, आणि ऑगस्टपासून प्रिंटरची नवी जोडणी करण्यास ॲडमिनचा अधिकार आवश्यक झाला. १९६२ आणि २०२१ या दोन सालांत ५९ वर्षांचें अंतर आहे. यंत्रें ओळखूं येणार नाहींत इतकीं बदललीं. चूक मात्र तीच राहिली. छापणाऱ्या सेवकाच्या हातीं धन्याच्या किल्ल्या होत्या, आणि मागणारा कोण हें त्यानें विचारलें नाहीं.

श्रोतेहो, अधिकार कमी केला म्हणजे आपल्यावर अविश्वास दाखविला, असें कचेरींतल्या प्रामाणिक मनुष्यास वाटतें आणि तो रुसतो. त्याची ही समजूत घालणें हेंच या सर्व व्यवस्थेंतील खरें कठीण काम आहे. त्यास सांगावें कीं, ज्या कुलुपाची किल्ली तुझ्याजवळ नाहीं, त्या खोलींतल्या चोरीचा आळ तुझ्यावर येणार नाहीं. प्रतापसिंह महाराजांच्या बाजूनें बोलणाऱ्यांस असा एक निर्विवाद आधार मिळता, तर रंगो बापूजींस तेरा वर्षें लंडनच्या धुक्यांत काढावीं लागतीं ना. मर्यादा जशी दुसऱ्याच्या कागदाचें रक्षण करते, तशीच ती ज्याच्यावर घातली त्याच्या अब्रूचेंहि रक्षण करते. आपल्या पूर्वजांनीं पत्राच्या अखेरीस तिला ‘विराजते’ असें म्हटलें, तें उगीच नव्हे.